मदत हवी आहे: पैसे भरून घेतलेला चित्रपट गावच्या टीव्हीवर नेटशिवाय कसा दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी कळव्याला राहते. आई-आबा गावी, संगमेश्वरपासून बरंच आत. मोबाइलला रेंज हवी तर पारापर्यंत चालत जावं लागतं, घरात काही येत नाही. टीव्ही मात्र चांगला आहे, पेनड्राइव्हही लागतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आबांना आता कुठे नीट दिसायला लागलंय आणि त्यांना ८०च्या दशकातले मराठी विनोदी चित्रपट पुन्हा बघायचेत. एवढंच मागणं.

भाचा म्हणाला, टेलिग्रामवरून दोन मिनिटांत देतो. मला ते नको. माझा दीर साउंडचं काम करतो, चित्रपट चोरीला गेला की त्या माणसांचं काय होतं ते मी घरात पाहिलंय.

म्हणून एका सेवेवर तीन चित्रपट रीतसर घेतले, दोन भाड्याने आणि एक 'विकत'. घरच्या वायफायवर टॅबमध्ये उतरवले आणि दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडली. रोह्याच्या पुढे लेकीने भाड्याचा एक लावला, दहा मिनिटं पाहिला आणि झोपली. भाड्याचा चित्रपट सुरू करायला ३० दिवस असतात, पण एकदा लावला की ४८ तासच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्या रात्री जेवणं आटोपली, आबा चष्मा पुसून समोर बसले, आणि पडद्यावर मुदत संपल्याचा निरोप. दुसरा टॅबवरच पाहिला, तिघं एकमेकांना चिकटून.

विकत घेतलेल्याचं दुःख जास्त आहे. पैसे पूर्ण भरले, पण ती फाइल ॲपच्या आतच कुलूपबंद, पेनड्राइव्हवर टाकून काही उपयोग नाही. ठाणे स्टेशनजवळून घेतलेलं एचडीएमआयचं अडॅप्टर लावलं तर आवाज टीव्हीतून आला, चित्र काळंठिक्कर. आबा म्हणाले, "असू दे गं, ऐकतो नुसतं." अर्धा तास खरंच ऐकत बसले.

कायद्यात बसेल असा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १
ताई, काळा पडदा एचडीसीपीमुळे, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल होऊ नये म्हणून असलेल्या कुलपामुळे. टॅब, अडॅप्टर आणि टीव्ही तिघांनाही ते चालावं लागतं, स्वस्त अडॅप्टरमध्ये बहुधा नसतं. घेताना दुकानदाराला तेवढं विचारा आणि तुमचा टॅब केबलने चित्र बाहेर देतो का तेही बघा. नेण्याआधी विमान मोड लावून घरीच चालवून पाहा. कुलूप तोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अशी कुलपं तोडण्याविरुद्ध ६५अ कलम आलंय. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे प्रभातचे १९३०च्या दशकातले चित्रपट मोकळे झाले, पण आबांच्या आवडीचे अजून हक्काखाली आहेत. माझं मत विचाराल तर त्या काळच्या चित्रपटांच्या ओरिजिनल व्हीसीडी शोधा. त्यांना ना मुदत, ना नेट.

धागाकर्ती
मनापासून आभार दादा. गावी माळ्यावर जुना प्लेअर आहे, आईला आजच काढून पुसून ठेवायला सांगते. दसऱ्याला जाणार आहे. नौपाडा किंवा गोखले रोडकडे ओरिजिनल व्हीसीडी अजून ठेवणारं दुकान कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा, वाशीपर्यंतही जाईन.