मदत हवी आहे: जपानी शोगुनच्या दरबारातल्या 'सोबायोनिन' या पदाला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, जपानचा पाचवा तोकुगावा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, त्सुनायोशी (तोच, कुत्र्यांच्या जिवासाठी कायदे करणारा) आणि त्याचा लाडका यानागिसावा योशियासू यांच्यावर लिहितेय. १६८४ साली एदोच्या (आजचं टोकियो) किल्ल्यातच मुख्यमंत्री होत्ता मासातोशीचा खून पडला. मग मंत्र्यांची दालनं शोगुनपासून लांब नेली आणि दोघांमधला निरोप्या, म्हणजे सोबायोनिनच, शिरजोर झाला. योशियासू १६८८ मध्ये सोबायोनिन झाला, १७०४ मध्ये थेट कोफूची जहागीर, १,५०,००० कोकूंची! (एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाचा वर्षभराचा तांदूळ.)

'हुजऱ्या' फारच हलकं वाटतं. 'चिटणीस' म्हटलं की डोळ्यांसमोर कलमदान येतं. 'खासगीवाले' चालेल का, की त्यात घरखर्चच जास्त दिसतो? पेशवाईतला दुसरा शब्द सुचतोय का कुणाला? शनिवारी मजकूर द्यायचाय.