व्हॅक्सवरची नेटवर्क सेटिंग अल्फावर न्यायचीय, फायली तशाच कॉपी करून चालेल का?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. लोटे एमआयडीसीत एका केमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. आमचं बॅच रेकॉर्डचं काम अजून मायक्रोव्हॅक्स ३१०० या डेक कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, ऑपरेटिंग सिस्टीम व्हीएमएस ६.२, त्यावर टीसीपी/आयपीसाठी यूसीएक्स ४ आणि डेकचं स्वतःचं नेटवर्क डेकनेट फेज ४. मशीनने आजवर दगा दिलेला नाही पण पॉवर सप्लायचे पार्ट मिळत नाहीत आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते कोकणातल्यांना सांगायला नको, प्रत्येक वेळी डिस्क परत फिरेल ना म्हणून जीव टांगणीला. आता सेकंडहँड अल्फासर्व्हर डीएस१० घेतलाय, त्यावर ओपनव्हीएमएस ८.४ (व्हीएमएसच, नवं) आणि टीसीपीआयपी सर्व्हिसेस ५.७ (यूसीएक्सचं पुढचं नाव) टाकलंय. फोरट्रानचा सोर्स होता आमच्याकडे, तो अल्फावर नीट कंपाइल झाला. अडलंय फक्त नेटवर्क.

ज्या साहेबांनी हे बसवलं ते कधीच रिटायर झाले, कागद काहीच नाही. मी यूसीएक्स$होस्ट, यूसीएक्स$सर्व्हिस, यूसीएक्स$रूट वगैरे .डॅट फायली एफटीपीने विंडोजच्या पीसीवर घेतल्या आणि तिथून अल्फावर टाकल्या, तर सिस्टीम त्या उघडायलाच तयार नाही. डेकनेटच्या नेटनोड (नोडची, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनची यादी) वगैरे फायली अजून हलवलेल्या नाहीत. गणपतीत प्लांट पाच दिवस बंद असतो तेवढ्यातच हे उरकायचंय, नंतर दिवाळीपर्यंत संधी नाही. काय करू?

सावंतवाडीकर:
फायली का उघडत नाहीत ते आधी सांगतो. त्या साध्या टेक्स्ट फायली नाहीत, आरएमएसच्या (व्हीएमएसची रेकॉर्ड सांभाळणारी व्यवस्था) इंडेक्स फायली आहेत. विंडोजवर गेल्या की रेकॉर्डची माहिती, ऑर्गनायझेशन, सगळं गळून पडतं, उरतात नुसते बाइट. व्हीएमएसवर झिप करताना "-व्ही" ऑप्शन दे, अवतरण चिन्हासकट, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट झिपमध्ये सोबत जातात. किंवा व्हीएमएसच्या बॅकअप कमांडने सेव्हसेट, म्हणजे सगळ्या फायलींचा एक गठ्ठा, कर. पण सेव्हसेटपण पीसीवरून आला की त्याचे अ‍ॅट्रिब्यूट बिघडतात, मग अल्फावर सेट फाइल अ‍ॅट्रिब्यूट देऊन रेकॉर्ड फॉरमॅट फिक्स्ड आणि लांबी ३२२५६ करावी लागते, बॅकअपचा डिस्कवरचा नेहमीचा ब्लॉक तेवढाच असतो.

हे झालं फायली धड पोचवण्याचं. जुन्या यूसीएक्सच्या फायली सिस्टीम डिरेक्टरीत सापडल्या तर टीसीपीआयपी$कॉन्फिग (नेटवर्क सेटिंग भरायचा प्रोग्राम) पहिल्यांदा चालवताना त्या कन्व्हर्ट करू का असं विचारतो, म्हणजे त्याच मशीनवर अपग्रेड असतं तर बिनधास्त हो म्हण सांगितलं असतं. तुझं मशीनच बदलतंय दादा. व्हॅक्सवर इथरनेट ईएसए० म्हणून यूसीएक्समध्ये इंटरफेस एसई०, डीएस१० वर ऑनबोर्ड कार्ड ईडब्ल्यूए० म्हणून इंटरफेस डब्ल्यूई०. कॉन्फिगरेशनमध्ये एसई० आलं आणि मशीनमध्ये ते कार्डच नसलं तर आयपी कुणाला लागणार?

माझं मत, फायली राहू देत, यादी ने. व्हॅक्सवर सेट होस्ट ० (त्याच मशीनवर पुन्हा लॉगिन) ला लॉग लावून आत शिर, मग यूसीएक्समध्ये शो होस्ट लोकल, शो रूट परमनंट, शो सर्व्हिस फुल, शो कॉन्फिगरेशन इंटरफेस हे एकेक मार. सगळं लॉग फाइलमध्ये उतरतं आणि ती टेक्स्ट असते, कुठूनही ने. ती समोर ठेवून अल्फावर कॉन्फिग हाताने भर. होस्ट वीस-तीस असतील, तासाभराचं काम आहे, आणि पाचव्या दिवशी काही अडलं तर आपण काय भरलंय ते आपल्याला माहीत असतं. गणपतीक मीपण गावाक येतंय, अडलास तर हयंच लिही.

जुना_ऑपरेटर_रत्नागिरी:
वरचं सगळं बरोबर, मी डेकनेटचं लिहितो कारण खरी गडबड तिथे होते. तुमच्या व्हॅक्सचा डेकनेट पत्ता समजा १.१० (एरिया १, नोड १०) आहे. फेज ४ मध्ये डेकनेट कार्डाचा स्वतःचा मॅक (हार्डवेअर) पत्ता बाजूला सारून नोडच्या पत्त्यावरून बनवलेला लावतो. १ गुणिले १०२४ अधिक १० म्हणजे १०३४, हेक्समध्ये ०४०ए, बाइट उलटे करून मॅक होतो एए-००-०४-००-०ए-०४. आता अल्फालाही १.१० देऊन दोन्ही मशीन एकाच स्विचवर चालू ठेवलीत तर मॅकच सारखा झाला, आयपी वेगवेगळे असले तरी दोन्हीकडचं सगळं अडखळणार आणि तुम्ही दिवसभर केबल तपासत बसणार. म्हणून अल्फाला आधी तात्पुरता १.११ द्या.

त्याचा फायदा असा की दोन्ही मशीन एकमेकांना दिसतात. मग अल्फावर एनसीपीत (डेकनेटचा कंट्रोल प्रोग्राम) कॉपी नोन नोड्स फ्रॉम व्हॅक्स टू बोथ म्हटलं की नोडची सगळी यादी आपोआप येते, टाइप करायला नको. लाइन आणि सर्किट (नेटवर्क कार्डाशी बांधलेली डेकनेटची सेटिंग) मात्र कॉपी करू नका, व्हॅक्सवर एसव्हीए-० असेल, अल्फावर ईडब्ल्यूए-० लागतं, ते नव्यानेच डिफाइन करा. डिफाइन आणि सेट यातला फरक विसरू नका, सेट केलेलं रीबूटला जातं. आणि लाइट जाण्याचं तुम्हीच लिहिलंय.

शेवटी व्हॅक्स बंद करून अल्फाला १.१० देताना मॉडपॅरम्समध्ये (सिस्टीम पॅरामीटरची फाइल) एससीएससिस्टमआयडी, म्हणजे मशीनचा नंबर, वर काढलेला १०३४ करून ऑटोजेन (ते पॅरामीटर लागू करणारा प्रोग्राम) चालवा. आणि स्टार्टअपमध्ये डेकनेट आधी, टीसीपीआयपी नंतर. मॅक बदलायचा तो आयपी सुरू होण्याआधी बदलू दे.

खाडीकाठचा:
गौरी विसर्जन करून आलो आणि लिहायला बसलो. झालं! दोघांचं ऐकून यादी काढली, होस्ट २३ निघाले, त्यातले ९ तर मशीनच अस्तित्वात नाहीत, ते भरलेच नाहीत. नोडची यादी १.११ वरून एका फटक्यात आली. काल व्हॅक्स उतरवला, अल्फा १.१० वर उठला.

एक गोष्ट मात्र दोन तास छळून गेली ती लिहून ठेवतो. वजनकाट्याचा पीसी ज्या पोर्टवर जोडतो ती आमची स्वतःची सर्व्हिस, कनेक्शन लागायचं आणि लगेच तुटायचं. मी नेटवर्कच शोधत बसलो. यादीतून भरताना सर्व्हिसच्या फाइलचा रस्तापण जसाच्या तसा उतरवला होता, डीकेए३०० या डिस्कवरचा, आणि अल्फावर ती डिस्कच नाही. आता डिस्कच्या नावाऐवजी लॉजिकल नाव, म्हणजे व्हीएमएसमधलं टोपणनाव, दिलंय. सावंतवाडीकर, सर्व्हिस फुलच्या यादीत ती ओळ शेवटी होती, तुमच्यामुळेच सापडली.

व्हॅक्स अजून कोपऱ्यात ठेवलाय, नेटवर्कची केबल काढून.