ईआयएनटीआर आला की गुपचूप पुन्हा राइट() करावं का?

केदार_सी
आमच्या टीममध्ये कोड रिव्ह्यूवरून वाद पेटलाय. सॉकेटवर (नेटवर्क जोडणीच्या टोकावर) लिहिणारं सीमधलं एक छोटं फंक्शन आहे. राइट()ने (डेटा लिहिण्याचा सिस्टीम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला केलेली विनंती) -१ दिला आणि एररनोमध्ये (चुकीचा कोड) ईआयएनटीआर, म्हणजे ‘मध्येच सिग्नल आल्याने कॉल तुटला’ असला, तर लूप फिरून तेच पुन्हा लिहायचं, वरच्या कोडला पत्ताही लागू द्यायचा नाही. माझ्या मते हेच बरोबर. सिग्नल (चालू प्रोसेसला मध्येच मिळणारी सूचना) आला म्हणून सॉकेट बिघडत नाही. -१ मिळाला म्हणजे एक बाइटही गेलेला नाही. थोडे गेले असते तर तेवढा आकडा मिळाला असता. पायथननेही ३.५ पासून (२०१५) हेच केलं.

रेवा
साफ चूक. समोरच्याने वाचणं थांबवलंय, सेंड बफर (जायच्या डेटाची तात्पुरती जागा) भरलाय, राइट() अडकून बसलाय. अशात सिगटर्म (‘बंद हो’ सांगणारा सिग्नल) आला. हँडलरने (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) फ्लॅग (बंद व्हायची खूण) लावला, राइट() ईआयएनटीआर घेऊन परतला, आणि तुमच्या लूपने फ्लॅगकडे न बघता त्याला परत आत ढकललं. आता ही प्रोसेस किल -९ (जबरदस्तीने मारणं) शिवाय जाणार नाही. पायथनचा दाखला अर्धाच दिलात. तिथे आधी हँडलर चालतो आणि त्याने एक्सेप्शन फेकलं तर पुन्हा प्रयत्न होत नाही. सीमध्ये ती सोय कुठाय?

मंदार_जी
केदारच्या बाजूने. गो भाषेच्या १.१४ मध्ये (२०२०) रनटाइम (प्रोग्रामसोबत चालणारा भाषेचा स्वतःचा कोड) स्वतःच थ्रेड्सना सिगअर्ज हा सिग्नल पाठवू लागला, आणि थेट सिस्टीम कॉल करणाऱ्यांना ईआयएनटीआर जास्त दिसू लागले. असल्या सिग्नलशी कॉलरचा (राइट() वापरणाऱ्या कोडचा) काय संबंध? तो बिचारा करणार काय? पुन्हा लिहिणारच ना?

रेवा
करणार काय, ते त्याला ठरवू द्या! सॉकेटला ५ सेकंदांचा एसओ_एसएनडीटाइमओ (लिहिण्याचा टाइमआउट) लावा आणि दर सेकंदाला वाजणारा टायमर ठेवा. लिनक्सवर हा टाइमआउट असला की एसए_रीस्टार्ट (सिग्नलनंतर कॉल आपोआप पुन्हा सुरू करणारा पर्याय) असूनही ईआयएनटीआर येतो. तुमचा लूप दर वेळी नवे ५ सेकंद घेऊन आत शिरतो, त्यामुळे टाइमआउट कधीच होत नाही. लायब्ररी असा निर्णय परस्पर घेते, राग त्याचाच आहे.

केदार_सी
टाइमआउटचा मुद्दा मान्य, डेडलाइन लूपबाहेर धरायला हवी. पण फ्लॅगचा उपायही गळका आहे. फ्लॅग तपासला आणि राइट()मध्ये शिरण्याआधीच सिग्नल आला, तर ईआयएनटीआर येणारच नाही, कॉल अडकून राहील. ईआयएनटीआर वर पाठवून हे भोक बुजत नाही.

रेवा
नाहीच बुजत. म्हणून सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (जागा नसली तर न अडकता लगेच परतणारं) करा, थांबायचं ते पोल()मध्ये (अनेक गोष्टींची एकदम वाट बघणारा कॉल), आणि सिग्नलसाठी एक पाइप किंवा सिग्नलएफडी (सिग्नल फाइलसारखा वाचू देणारी लिनक्सची सोय) त्याच पोल()मध्ये घाला. मग राइट() अडकणारच नाही, आणि तिथे तुमच्या लूपला माझी काही हरकत नाही. ब्लॉकिंग सॉकेटवर मात्र हा पॅच मी पास करणार नाही.