उशीर चालेल, पण ‘ग्राहक घरी नव्हते’ ही खोटी नोंद का?

सिडकोकर

मंडळी, पार्सल उशिरा येण्याबद्दल आपण सगळेच बोलतो. मला त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलायचंय.

आईच्या गुडघ्यासाठी पट्टा मागवला होता. ऑर्डर करताना मंगळवारची तारीख दाखवली. मंगळवारी सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’चा मेसेज आला. आई दिवसभर पुढच्या खोलीत, दार उघडं, मी वर लॅपटॉपवर. ना फोन, ना बेल. संध्याकाळी मेसेज येतो, ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ‘पत्ता सापडला नाही.’ नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकापासून चालत पाच मिनिटांवर आमचं घर. याच पत्त्यावर बँकेचं पत्र येतं, गॅस येतो.

उशीर मी समजू शकतो. घाटात गाड्या अडकतात, दिवाळीच्या आधी माल तुंबतो. पण आम्ही घरात असताना आम्ही घरी नव्हतो असं लिहिलं की सगळा दोष आमच्यावर येतो. तक्रार केली तर समोरचा तीच नोंद वाचून दाखवतो, ‘सर, आमचा माणूस येऊन गेला.’ आता मी कसं सिद्ध करू की तो आला नव्हता? ‘आज जमलं नाही, परवा देतो’ एवढं खरं कळवलं असतं तर मी एका शब्दानं बोललो नसतो.

आणि रस्त्याचं कारण आता फार ताणू नये. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला, ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे आणि गोदामंही भिवंडीतच. माझं पार्सल मात्र दोन रात्री भिवंडीतच पडून होतं. ते काही घाटात अडकलेलं नव्हतं.

मेनरोडचा माणूस

राग समजला, पण गुडघ्याचा पट्टा ऑनलाइन मागवायचाच कशाला? गोळे कॉलनीत जा, औषधं आणि सर्जिकलचा सगळा बाजार तिथं आहे. दुकानदार आईचा गुडघा टेपनं मोजून देईल, तिथंच बांधून चालायला लावेल, सैल झाला तर संध्याकाळी बदलून देईल. पन्नास रुपये वाचवायला आपण आपल्याच गावातल्या दुकानाकडे पाठ फिरवतो आणि मग तीन दिवस मोबाईलकडे बघत बसतो. मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार इथली किती दुकानं गेल्या काही वर्षांत बंद झाली किंवा मोबाईल कव्हर विकू लागली, ते आम्ही रोज बघतोय. ज्याला ताबडतोब हवं त्यानं गाडी काढावी.

सिडकोकर

गोळे कॉलनीत आधी जाऊन आलोच होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेला बिजागरीचा पट्टा त्या मापात नव्हता. ‘मागवून देतो, आठवडा लागेल’ म्हणाले. त्यांनी आठवडा म्हटलं म्हणून मला राग आला नाही, कारण ते खरं बोलले. माझा मुद्दा तोच आहे.

तांब्यापितळेवाली

मेनरोडच्या दादांना एक सांगते. ऑनलाइन म्हणजे फक्त घेणारे असं धरू नका. आमचं पिढीजात भांड्यांचं काम. गल्लीत गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा मी फोटो काढून विकायला सुरुवात केली. आज आमच्या समया, घंटा, तांब्याचे हंडे सोलापूर, बेळगाव, इंदूरला जातात. पार्सल बंद झालं तर आमची भट्टी बंद.

मला उशिराचा त्रास दुहेरी होतो. गौरीसाठी मागवलेली समई विसर्जनानंतर पोचली, तर ताई ती घेतील का? ‘आता नको’ म्हणतात आणि त्यांचं चुकत नाही. मग ती समई आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’ होऊन माझ्याकडे परत येते. जातानाचं भाडं माझं, येतानाचंही माझंच. पितळ वजनाला भारी, भाडं वजनावर. वर परत येते ती पोचा पडून. खोका उघडला तेव्हा समईचा वरचा मोर मानेपासून वाकलेला होता, कारागिराला पुन्हा बसून सरळ करावा लागला. आणि कारण काय लिहिलेलं? ‘ग्राहकाने नाकारले.’ माल वेळेत गेला नाही म्हणून नाकारला, हे कुठंच लिहिलेलं नसतं. अशा नोंदी साचल्या की मी ज्या साइटवर विकते तिथं माझाच दर्जा खाली जातो.

आणखी एक. सिन्नरच्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं पार्सल भिवंडीला जाऊन परत आलं. सिन्नर इथून तीस किलोमीटर. एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं असतं तरी दुपारी मिळालं असतं.

माजी रायडर

मी हे काम केलंय. आता सोडलं, सातपूरला कंपनीत लागलो. म्हणून मोकळेपणानं लिहितो.

ताई, सिन्नरचं पार्सल भिवंडीला का जातं ते सांगतो. मोठी सॉर्टिंगची यंत्रं तिथं आहेत. नाशिकच्या हबमध्ये गोळा झालेला सगळा माल एकाच गाडीत भरून तिकडं जातो. सिन्नरचा, निफाडचा वेगळा काढत बसायला इथं माणसं ठेवलेली नसतात. कंपनीला भरलेली एक गाडी परवडते, चार अर्धवट गाड्या परवडत नाहीत. म्हणून रस्ता कितीही चांगला झाला तरी फार फरक पडत नाही. वेळ रस्त्यात जात नाही, गाडी भरायची आणि रिकामी करायची वाट बघण्यात जातो.

आता खोट्या नोंदीचं. भिवंडीची गाडी पहाटे यायला हवी, ती दहा-अकरापर्यंत येते. बॅगा फोडा, एकेक स्कॅन करा, राउट लावा. बाहेर पडेपर्यंत दुपार. तोपर्यंत तुम्हाला सकाळीच ‘आउट फॉर डिलिव्हरी’ गेलेलं असतं, कारण ते स्कॅन आधीच मारून ठेवतात. पैसे पार्सलमागे. पेट्रोल आपलं, गाडी आपली, पंक्चर आपलं. पाथर्डी फाट्यापासून आत वडनेरपर्यंतचा राउट, त्यात कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदलेले. सोसायटीत गेटवर नाव लिहा, लिफ्ट बंद असेल तर पाच मजले चढा. सीओडी, म्हणजे पैसे दारात घ्यायचे असतील तर सुट्टे पैसे नाहीत, ओटीपी मुलाच्या मोबाईलवर आणि मुलगा पुण्याला. अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत, बँकेच्या नावाने फसवणारे फोन एवढे येतात की त्यांनाही दोष देत नाही.

रात्री आठला बॅगेत माल उरलेला असतो. प्रत्येकाला काहीतरी कारण टाकल्याशिवाय अॅप दिवस बंद करू देत नाही. यादीत कारणं असायची: ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता सापडला नाही, ग्राहकाने तारीख बदलली, घेण्यास नकार. ‘वेळ पुरला नाही’ हा पर्यायच नव्हता. काहीच टाकलं नाही तर माल पेंडिंग दिसतो, हबचा मॅनेजर सगळ्यांसमोर बोलतो, इन्सेंटिव्ह जातो. मग पोरगं काय टाकणार?

तुमच्या दारात आलेल्या पोराशी भांडू नका एवढंच सांगणं आहे. खोटं त्याच्या बोटानं टाकलं जातं, पण खरं टाकायची जागा त्याला कोणी ठेवलेली नाही.

अंबडची

दादा, तुमचं म्हणणं पटलं, तरी मी सिडकोकरांच्या बाजूनं उभी राहीन. यादीत पर्याय नव्हता हे खरं, पण फोन करायला कोणी अडवलं होतं? ‘ताई, आज होत नाही’ एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतं. मी कंपनीत शिफ्टला जाते. पार्सल येणार म्हणून शेजारच्या काकूंना बसवून ठेवते, त्या मंदिरातसुद्धा जात नाहीत. ‘उपलब्ध नाही’ आलं की आधी त्यांच्यावर संशय येतो. एकदा त्यावरून आमच्यात वाईटपणा आला. ज्याचं पोट हातावर आहे त्याचं दुःख मोठं, मान्य. पण म्हणून दुसऱ्याच्या नावावर खोटं लिहिणं क्षम्य होत नाही.

सामान देताना ओटीपी मागतात ना? मग ‘दिलं नाही’ म्हणतानाही ग्राहकाकडून दुजोरा घ्या. मी घरी नव्हते, हे मलाच विचारा.

माजी रायडर

दुजोऱ्याची सूचना चांगली आहे. फक्त तो वेळही पार्सलच्या पैशात धरा, नाहीतर पुन्हा आमच्याच खिशातून जाईल. उरलेल्या मालाचे सगळे फोन करायचे तर रात्री घरी कधी जायचं?

निफाडकर

इथं सगळे ‘उशीर चालेल, खरं बोला’ म्हणतायत. मला ते मान्य नाही. उशीरसुद्धा चालत नाही.

माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की पुढचे दीड-दोन महिने आम्ही आभाळाकडे बघून जगतो. घड बाहेर पडून फुलोऱ्यात आले की एक पाऊस किंवा दोन दिवस ढगाळ, आणि डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच. पानाच्या खाली पांढरी बुरशी दिसेपर्यंत थांबलात तर घड गेले. फवारणी त्याच दिवशी व्हावी लागते. त्या दिवसांत माझ्या ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटला. ब्लोअर बाहेरच्या राज्यातल्या कंपनीचा, पिंपळगावात त्या मापाचा मिळाला नाही, नाशिकलाही नाही. मागवला, जादा पैसे भरून ‘एक्सप्रेस’. आला तेव्हा शेजाऱ्याचा ब्लोअर मागून दोन फवारण्या उरकलेल्या होत्या, त्याही त्याची बाग झाल्यावर, म्हणजे रात्री बॅटरीच्या उजेडात. वरच्या चार ओळींत डाऊनी शिरलाच.

मला कोणी आधीच ‘आठ दिवस लागतील’ सांगितलं असतं तर मी पहाटे गाडी काढून स्वतः जाऊन आणला असता, हे खरं. तेवढ्यापुरता सिडकोकरांचा मुद्दा कबूल. पण जादा पैसे घेऊन एक्सप्रेस म्हणता तर एक्सप्रेस आणा. नुसतं खरं सांगितल्यानं माझे घड वाचत नाहीत.

देवळालीचा टपालवाला

टपाल खात्यातून निवृत्त आहे. दोन्ही बाजू वाचल्या.

पत्त्याबद्दल कोणी बोललं नाही. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. पहिले तीन आकडे, आपल्याकडे ४२२, म्हणजे सॉर्टिंगचा जिल्हा. शेवटचे तीन म्हणजे वाटपाचं टपाल कार्यालय. त्यापुढचं काम बीटच्या, म्हणजे ठरलेल्या भागाच्या पोस्टमनच्या डोक्यात असायचं. ‘साईकृपा’ नावाचे बंगले एका कॉलनीत चार असले तरी कुलकर्ण्यांचा कुठला हे त्याला माहीत, कारण वर्षानुवर्षं तोच माणूस त्याच गल्लीत. खासगी कुरिअरमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी पोरगं बदलतं. सिडकोतली स्कीम, सेक्टर, आणि गंगापूर रोडकडचे सर्व्हे नंबर नवीन माणसाला कसे कळणार?

टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये डिजिपिन आणलंय. दहा अक्षरी खूण, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाची. कंपन्यांनी ते घ्यावं, लोकांनी पत्त्यात लिहावं. ‘पत्ता सापडला नाही’ ही सबब तरी संपेल.

स्पीड पोस्टलाही उशीर होतो, आमच्या खात्याची बाजू घ्यायला मी आलेलो नाही. पण माणूस टिकवल्याशिवाय वाटप सुधारत नाही, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीवरून सांगतो. तेव्हा रायडरदादांच्या पैशाचा प्रश्न आणि सिडकोकरांच्या पट्ट्याचा प्रश्न वेगळे नाहीत.

मेनरोडचा माणूस

माणूस टिकवायचा तर पैसे लागतात, आणि ते ‘फ्री डिलिव्हरी’तून येत नाहीत. चाळीस रुपये डिलिव्हरी चार्ज दिसला की कार्ट सोडून जाणारे आपणच. दुकानदार भाडं भरतो, लाइटबिल भरतो, पोराला पगार देतो, ते सगळं वस्तूच्या किमतीत दिसतं. इथं ते लपवून रायडरच्या पेट्रोलवर ढकललंय. स्वस्तही हवं, लगेचही हवं, आणि आणणाऱ्याला नीट पगारही हवा, हे जमणार नाही.

अंबडची

चाळीस रुपये मी द्यायला तयार आहे. निफाडच्या दादांनी तर दिलेच होते. दिलेले जादा पैसे रायडरपर्यंत पोचतात का, ते आधी सांगा.

माजी रायडर

माझ्यापर्यंत कधी पोचले नाहीत. एक्सप्रेस असो की साधं, पार्सलमागे दर तोच.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. त्यात आमच्यासारख्यांना गिग कामगार म्हणून जागा मिळाली, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कल्याण निधीत टाकायचे आहेत. चांगलं आहे, अपघात झाला तर आधार होईल. पण दिवसाला किती पार्सलं लादायची, त्यावर यात काही नाही.

सिडकोकर

निफाडकर, तुमच्या बाबतीत उशीर चालेल हे माझं म्हणणं लागू पडत नाही. पण खोट्या तारखेनंच तुम्हाला थांबवून ठेवलं, ही बाजूही सोडू नका.

ज्यांना पुढं जायचंय त्यांच्यासाठी. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यानुसार साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. त्यानं काही झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. आणि २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक आयोगात आपण राहतो तिथं, म्हणजे नाशिकलाच केस टाकता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी उशिराची नाही, खोट्या नोंदीची तक्रार टाकतोय. ‘उपलब्ध नाही’ या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि त्याच दिवसाचा कॉल लॉग, एकही फोन नसलेला. कोणाकडे असे असतील तर जपून ठेवा.

तांब्यापितळेवाली

४८ तासांत पोच येते, दादा. पुढं ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असं लिहून ती परस्पर बंद करतात, मी दोनदा अनुभवलंय. तरी तुम्ही टाका. विक्रेत्यांनाही अशी तक्रार करता येते का, ते जाणकारांनी सांगावं. परतीचं भाडं माझ्या डोक्यावर का, हे मला लिहूनच विचारायचंय.

माजी रायडर

सिडकोकर, तक्रारीत पोराचा मोबाईल नंबर टाकू नका. हबचं नाव, तारीख आणि ट्रॅकिंग नंबर टाका. नंबर टाकलात तर सकाळी त्याचा आयडी बंद होईल, यादी आहे तशीच राहील, आणि संध्याकाळी दुसरं पोरगं तेच बटण दाबेल.

सिडकोकर

नंबर नाही टाकत. पण त्या दिवशी तो आला नव्हता, हे लिहिणार. कारणांच्या यादीत ‘वेळ पुरला नाही’ का नाही, हाही प्रश्न त्याच तक्रारीत घालतो. तुमच्या यादीतले नेमके शब्द मला लिहून पाठवा.