नक्षी कोणाची? काढणाऱ्याची की घडवणाऱ्याची?

वेलबुट्टी: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘मेसोनिए, पिनो वगैरे अठराव्या शतकातल्या फ्रेंच नक्षीकारांनी नुसती चित्रं काढली, खरं काम कारागिरांचं.’ डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो. मेसोनिएचं १७२८चं चांदीचं शमादान, म्हणजे मेणबत्तीची बैठक, बघा. एकच वस्तू, पण तीन बाजूंनी तीन चित्रं. कारण त्याला समोरची बाजूच नाही, सगळा देठ पिळवटत वर जातो. एकाच चित्रावरून कोण घडवणार होतं ते?

सुताराचा नातू: मेसोनिए स्वतः सोनार होता, हे का गाळलंत? पिनो लाकूड कोरायचा. १७१६ला रशियात गेला, पीटरहॉफच्या राजवाड्यात झार पीटरच्या अभ्यासिकेतलं ओकचं काम त्याचं. हात होता म्हणून कागद बोलला.

ग्राफवाली: ‘नुसती चित्रं’ म्हणू नका हो. इचलकरंजीत बारा वर्षं साडीच्या काठाचे ग्राफ, म्हणजे विणकरासाठी चौकटींच्या कागदावरची नक्षी, भरले. एकेक चौकट भरून डोळे गेले. माझा मोराचा काठ मालकाने परस्पर दुसऱ्याला दिला. ना नाव, ना पैसा. त्या फ्रेंच लोकांची चित्रं छापली गेली, म्हणून नाव तरी राहिलं.

कोरोमंडल: नावाचंच बोलायचं तर आपल्या छिटांचं, नक्षीदार सुती कापडाचं बोला! फ्रान्सने १६८६ ते १७५९ छापील सुती कापडावर बंदी घातली. ती उठताच १७६०ला फ्रान्समधल्याच जुई गावी ओबेरकांफचा कापडछपाईचा कारखाना निघाला. १७८३पासून तिथे नक्षी काढणाऱ्या युएचं नाव सगळ्यांना ठाऊक. आपल्या छीटवाल्यांपैकी एकाचं तरी सांगा!

वेलबुट्टी: विषय शमादानाचा आहे. आणि बंदी मागितली तिथल्याच रेशीम-लोकरवाल्यांनी, त्यांचे माग बसत होते. युएचा काय दोष?

कोरोमंडल: दोष म्हटलंच नाही मी! आधी नीट वाचा. नाव कोणाचं राहतं, हाच तर तुमचा विषय.

सुताराचा नातू: भांडू नका. ‘हात होता म्हणून कागद बोलला’ हा माझा शब्द ग्राफवाल्या ताईंपुरता मागे घेतो, बाकी मत तेच. पण आज आजोबांची पेटी उघडली. पटाशीखाली तेलकट कागद होता, त्यावर महिरपीचा अर्धाच भाग. मधोमध घडी. दुसरा अर्धा घडी घालून उमटवायचे. आजोबा कधी कागद वापरत नाहीत, असं मीच चारचौघांत सांगत आलोय. मेसोनिएचं शमादान मात्र घडीवर उतरलं नसतं, एवढं मान्य.