सरकारी कार्यालयातले बाद संगणक: जास्त बोली लावणाऱ्याला द्यायचे की नोंदणीवाल्याला?

भांडारशाखा
मुंबईतल्या कुठल्याही जुन्या सरकारी इमारतीचा जिना चढून बघा. वळणावर फुगीर काचेचे मॉनिटर एकावर एक रचलेले असतात, त्यांना टेकून सीपीयू, आणि प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने डेडस्टॉकचा, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतला, क्रमांक. आमच्या शाखेतही असा ढीग आहे. तपासणीला आलेले लोक क्रमांक वाचतात, रजिस्टरशी जुळवतात, टिक करतात. आत रॅम आहे का, हार्ड डिस्क आहे का, हे कुणी उघडून बघत नाही. कागदावर 'संगणक संच' शाबूत असतो आणि हातात नुसता पत्र्याचा डबा.

असं होतं कारण वस्तू पडून राहिली तर कुणी जाब विचारत नाही, बाहेर काढली की मात्र चौकशी. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करा, दुरुस्तीपलीकडे असल्याचा तांत्रिक अभिप्राय मिळवा, समिती बसवा, किंमत ठरवा, मंजुरी आणा, लिलाव करा. एवढ्यात साहेबांची बदली होते आणि फाईल पहिल्या टेबलावर परत येते.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फाईली जळाल्या. त्यानंतर स्कॅनिंगवर आणि ई-ऑफिसवर भर वाढला. ते योग्यच झालं. पण यंत्रं घेताना ती शेवटी कुठे जाणार हे खरेदीच्या फाईलीत कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं असं की विल्हेवाट खरेदीच्या वेळीच ठरली पाहिजे: पुरवठा आदेशातच जुनं परत घेण्याची अट घाला, प्रत्येक कार्यालयात एका माणसाच्या नावाने लेखी जबाबदारी द्या, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात निर्लेखन करा. आणि लिलाव फक्त नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांमध्ये. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या वापरकर्त्याने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचा, असं त्यात स्पष्ट आहे.

लेखापरीक्षक_निवृत्त
शेवटच्या मुद्द्याला माझा ठाम विरोध आहे. सर्वाधिक बोली लावणाऱ्यालाच माल द्यायची अट कुणाच्या लहरीतून आलेली नाही. केंद्राच्या वित्तीय नियमांत (२०१७) दोन लाखांहून जास्त अंदाजित किमतीचा निरुपयोगी माल जाहिरात देऊन निविदेने किंवा जाहीर लिलावाने विकायला सांगितलंय. अशी अट नसली की चालू स्थितीतला प्रिंटर 'बाद' ठरतो आणि ओळखीच्या माणसाच्या टेम्पोत चढतो. तुम्ही बोलीदार मोजके केलेत की ते आपसात ठरवून भाव पाडणार. तोटा कुणाचा? सरकारी तिजोरीचा.

दुसरं, नियम पूर्ण वाचा. मोठा वापरकर्ता म्हणजे वर्षात कधीही किमान १००० उपकरणं वापरलेली संस्था. चाळीस संगणकांचं तालुका कार्यालय त्यात बसत नाही. जे बंधन कायद्याने नाही ते स्वतःवर ओढून घेऊन उत्पन्न कमी केलं, तर आक्षेप निघणारच. मी असतो तर मीही काढला असता.

भांडारशाखा
साहेब, लिलाव बंद करा असं मी म्हटलेलं नाही. बोली कोण लावू शकतो याची पात्रता ठरवा, एवढंच. हे नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे आहेत, विक्रीची पद्धत ठरवताना ते बाजूला ठेवता येणार नाहीत. हजाराचं म्हणाल, तर 'संस्था' म्हणजे तालुका कार्यालय की सगळा विभाग? खरेदीचे दर ठरवताना आपण विभाग एक धरतो, मग कचऱ्याच्या वेळी चाळीस-चाळीसचे तुकडे का करायचे? शिवाय नियमांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणं आहेत. प्रिंटर, टेलिफोन, एसी मोजायला घ्या, हजार लांब नाही.

आणि बिगरनोंदणीवाल्याला जास्त भाव का परवडतो? जुन्या मॉनिटरमधली तांब्याची कॉइल तो काढून घेतो आणि शिशाची काच नाल्याच्या कडेला टाकतो. केबल जाळून तांबं काढतो, बोर्ड आम्लात बुडवतो. ज्या खर्चाला त्याने फाटा दिला, तोच आपल्या चलनात 'जादा उत्पन्न' म्हणून जमा होतो. त्याला मी उत्पन्न मानत नाही.

कुर्ला_पश्चिम
भाऊ, नाल्याकडेला काच टाकणारे आहेत, मी नाही म्हणणार नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमच्या घरात हा धंदा वडिलांपासून आहे. कुर्ल्यात, साकीनाक्याला खैरानी रोडच्या गाळ्यांत जा. स्क्रूड्रायव्हरने पाच मिनिटांत सीपीयू उघडून पोरं रॅम, प्रोसेसर, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), पंखा वेगळा करतात. चालणारं चालणाऱ्यात, बाकी तांबं, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड वेगवेगळ्या गोणीत. लॅमिंग्टन रोडवर तुमचा जुना संगणक ज्या सुट्या भागावर पुन्हा चालू होतो, तो भाग इथूनच जातो. नोंदणीवाल्या कारखान्यात धडधाकट रॅमसुद्धा वजनावर जाते आणि यंत्रात चुरा होते. वस्तू वाचवणं जबाबदारीचं की तिचा चुरा करणं?

आणखी एक सांगतो. २०१६ च्या नियमांत सुटे भाग करणाऱ्याची वेगळी नोंदणी होती. २०२२ मध्ये उत्पादक, निर्माता, नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रण करणारा हेच चार उरले. नुसतं खोलून वर्गवारी करणाऱ्याला जागाच राहिली नाही. मोठी यंत्रं टाकायचं भांडवल माझ्याकडे नाही. मग 'फक्त नोंदणीकृत' म्हणजे आम्हाला दार बंद. माल मात्र मागल्या दाराने आमच्याकडेच येणार, कारण हाताचं कसब इथेच आहे.

नेटवर्कवाली
दादा, तुमच्या कसबाबद्दल आदर आहे. पण डिस्क लावलेला एकही सीपीयू मी इमारतीबाहेर सोडणार नाही, नोंदणीवाल्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही. फॉरमॅट मारला म्हणजे माहिती गेली, हा समज सरकारी कार्यालयांत फार पक्का आहे. साध्या फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तिथेच असतो आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने परत वर येतो. त्यात लोकांचे आधारचे स्कॅन असतात, पेन्शनचे कागद असतात, जातपडताळणीचे अर्ज असतात. जुन्या चुंबकी डिस्कवर पूर्ण ओव्हरराइट, म्हणजे सगळ्या जागेवर दुसरं काही लिहून काढणं, चालतं. एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या नव्या डिस्कवर, त्याचा भरवसा नाही, तिथे सुरुवातीपासून एन्क्रिप्शन लागतं किंवा शेवटी डिस्क फोडावी लागते.

झेरॉक्स मशीनकडे तर कुणाचं लक्षच नसतं. मोठ्या मल्टिफंक्शन मशीनमध्ये बऱ्याचदा आत हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या-स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रती त्यात राहू शकतात. भाड्याचं मशीन करार संपला की पुरवठादार उचलून नेतो. त्या दिवशी डिस्क कुणी काढून घेतली? भाडेकरारात याची ओळसुद्धा नसते. म्हणून नोंदवहीत डब्याच्या क्रमांकासोबत डिस्कचा अनुक्रमांक लिहा आणि निर्लेखनाच्या वेळी तो जुळवा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून चांगली मशीन भंगारात काढू नका, हेही सांगते. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे म्हणून विंडोज ११ चढत नाही, एवढाच त्यांचा दोष. टायपिंग आणि ब्राउझरच्या कामाला त्यांवर लिनक्स टाका, सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस नावाचं लिनक्स आहेच.

आकाशकंदील_परळ
एवढी डोकेफोड कशाला? महापालिकेच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळांना देऊन टाका. मुलं शिकतील.

झेडपी_शिक्षिका
नका देऊ हो. निदान असे तरी नका देऊ. दान म्हणून आलेल्या संचांतले निम्मे चालू होत नाहीत, उरलेल्यांना कीबोर्ड नसतो. मग ते आमच्या डेडस्टॉकला चढतात आणि तीच निर्लेखनाची वारी आमचे मुख्याध्यापक करतात. तुमचा कचरा माझ्या वर्गात आला, एवढाच फरक. द्यायचेच तर तपासून, दुरुस्त करून, वर्षभराच्या दुरुस्तीची हमी लेखी देऊन द्या.

लेखापरीक्षक_निवृत्त
शिक्षिका ताईंचा आणि नेटवर्कवाल्या ताईंचा मुद्दा मान्य. डिस्कचा अनुक्रमांक नोंदवहीत यावा, हे आधीच व्हायला हवं होतं. पात्रतेच्या अटीलाही मी मान्यता देईन, पण अशी: यादी कार्यालयाने करायची नाही, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंद असलेला देशातला कुणीही बोली लावू शकेल. आरक्षित, म्हणजे किमान, किंमत आधी ठरवायची. माल निघताना काट्याची पावती, नंतर पुनर्चक्रणाचं प्रमाणपत्र, आणि दोन्ही वजनं जुळली नाहीत तर अनामत जप्त. यूपीएसच्या बॅटऱ्या त्या लॉटमध्ये घालू नका. त्यांना बॅटरी कचरा नियम २०२२ वेगळे आहेत. हे नसेल तर माझा विरोध कायम.

भांडारशाखा
या अटी जशाच्या तशा घेतो. कुर्ल्याच्या भाऊंना एक सुचवतो: नूतनीकरण करणारा म्हणून नोंदणी नियमांत आहे. आम्ही ढिगाचे दोन भाग केले, चालू होणारे तुमच्यासारख्यांना आणि पूर्ण मेलेले कारखान्याला, तर तुमचं दार बंद होत नाही. डिस्क मात्र आधी आमच्याकडे काढली जाईल.

कुर्ला_पश्चिम
दोन भाग करा, नोंदणीचं मी बघतो. गल्लीतल्या चार-पाच जणांनी मिळून संस्था काढायचं बोलणं आहेच. पण लॉटचा आकार बघा. सगळ्या विभागाचा माल एकत्र करून एकच लॉट काढलात आणि त्यावर लाखांची अनामत मागितलीत, तर नोंदणी असूनही बोली मोठाच लावणार आणि तो चालणारं-मेलेलं एकत्र यंत्रात घालणार. पन्नास-पन्नास सीपीयूचे लॉट काढा, अनामत त्या मानाने ठेवा. आणि लिलावाआधी माल उघडून बघू द्या, फोटोवरून भाव लावायला सांगू नका. रॅम काढून घेतलेला डबा आम्ही कालपर्यंत पूर्ण संगणकाच्या भावाने उचलत होतो, तो इथून पुढे उचलणार नाही.