जुने डेक स्पर्धेत का हरतात? अडचण ताकदीची नाही, वेळेची आहे

धरमपेठचा ड्युएलिस्ट
रविवारी आपण खेळायला जमतो तिथे हा वाद निघतोच, म्हणून एकदा नीट मांडतो. यू-गी-ओ या जपानी कार्डांच्या खेळातले जुने डेक (म्हणजे खेळाडूने निवडलेले कार्डांचे गठ्ठे) का चालत नाहीत, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, नवीन कार्डांचे आकडे मोठे झाले. मला हे अजिबात पटत नाही. 1999 मध्ये जपानात खेळ सुरू झाला तेव्हा ब्लू-आईज व्हाइट ड्रॅगन या मॉन्स्टर कार्डाचा अटॅक 3000 होता, आणि आजच्याही कितीतरी बड्या मॉन्स्टर्सचा अटॅक तेवढाच असतो. खेळाडूचे लाइफ पॉइंट्स (ते शून्य झाले की हार) आजही 8000च.

बदलला आहे तो वेळ. जुना डेक तुमच्याकडे वेळ मागतो. एका टर्नमध्ये (म्हणजे पाळीत) नॉर्मल समन, म्हणजे हातातला मॉन्स्टर नेहमीच्या पद्धतीने उतरवणं, एकदाच. ब्लू-आईज आणायचा तर आधी दोन मॉन्स्टर जमवा, मग ते ट्रिब्यूट करा, म्हणजे बळी द्या. ट्रॅप कार्ड ज्या टर्नला सेट केलं, म्हणजे पालथं ठेवलं, त्या टर्नला उघडता येत नाही. एक मॉन्स्टर पालथा, मागे दोन कार्डं पालथी, पास. हा सगळा खेळ एका गृहीतावर उभा होता: समोरचाही असाच हळूहळू उभा राहणार. आज समोरचा एका कार्डावरून दुसरं डेकमधून शोधतो, त्यावरून तिसरं थेट समन करतो, आणि पहिल्याच टर्नच्या शेवटी त्याच्या बोर्डवर तुमची चाल रद्द करणारी दोन-तीन कार्डं बसलेली असतात. तुमचा एकुलता एक नॉर्मल समन रद्द झाला की तुमची टर्न संपली.

मिरर फोर्स हे ट्रॅप कार्ड घ्या. समोरच्याने अटॅक जाहीर केला की त्याचे अटॅक पोझिशनमधले सगळे मॉन्स्टर उडतात. लहानपणी आपल्याला याहून भारी कार्ड माहीत नव्हतं. पण आज तो अटॅक करेपर्यंत तुमच्या मागच्या ओळीत काही शिल्लकच ठेवत नाही. समोरचे सगळे मॉन्स्टर उडवणाऱ्या रायगेकीवर तर किती वर्षं बंदी होती! 2015 मध्ये ते परत आलं आणि खेळ काही कोसळला नाही. एकेकाळी ज्याला सगळे घाबरत, ते कार्ड आज लोक साइड डेकमध्ये (बदलायच्या राखीव कार्डांत) ठेवावं की नाही याचा विचार करतात.

इतवारीवाला
भाऊ, निदान बरोबर आहे, पण दोष कोणाचा ते तुम्ही सांगून नाही राहिले. हा वेळ आपोआप गेला का? 2008 मध्ये सिंक्रो, 2011 मध्ये एक्सीझ, 2014 मध्ये पेंड्युलम, 2017 मध्ये लिंक. दर तीन वर्षांनी समनची नवी पद्धत आली, आणि दर वेळी ती आधीपेक्षा वेगवान. 2017 मध्ये तर नियमच असा केला की एक्स्ट्रा डेकमधून (अशा खास मॉन्स्टर्सच्या वेगळ्या गठ्ठ्यातून) एकाहून जास्त मॉन्स्टर आणायचे तर आधी लिंक मॉन्स्टर हवाच. ज्या पोराने वर्षभर पैसे साठवून सिंक्रो डेक बांधला होता, त्याचा डेक टेबलावर न हरताच मेला. एप्रिल 2020 मध्ये फ्युजन, सिंक्रो, एक्सीझसाठी ती अट काढली, पण तोवर किती जणांनी खेळ सोडला असेल! याला मी "जुना डेक कमी पडला" असं म्हणणार नाही.

सदरची पोकेगँग
पोकेमॉनवाल्यांकडूनही दोन शब्द. आमच्या कार्डांच्या पहिल्या सेटमधला चॅरिझार्ड 120 एचपीचा, म्हणजे एवढा मार सोसणारा. तीन पायऱ्या चढून तो आणायचा, हल्ल्यासाठी चार एनर्जी कार्डं लावायची, आणि मग 100 डॅमेज. एनर्जी टर्नला एकच लावता येते, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. 2023 चा चॅरिझार्ड ईएक्स 330 एचपीचा, आणि इव्हॉल्व्ह होताच डेकमधून तीन फायर एनर्जी स्वतः काढून लावून देतो. इथे आकडेही वाढलेत हे खरं, पण ड्युएलिस्ट भाऊंचा मुद्दा त्या तीन एनर्जीत आहे.

फरक एवढाच की आमच्याकडे रोटेशन आहे, म्हणजे जुनी कार्डं ठरावीक काळाने स्टँडर्ड या मुख्य स्पर्धा-प्रकारातून बाद होतात. कार्डाच्या कोपऱ्यात अक्षर असतं. एप्रिल 2025 मध्ये एफ अक्षराची कार्डं स्टँडर्डमधून गेली. वाईट वाटतं, पण कोणी फसत नाही. खरेदी करतानाच कळतं की हे कधीतरी जाणार.

धरमपेठचा ड्युएलिस्ट
इतवारीवाले, नियमांबद्दल तुमचा राग रास्त आहे. पण 2016 ची जागतिक स्पर्धा आठवा. जिंकला तो ब्लू-आईज डेक! फायनलला दोन्ही बाजूंनी ब्लू-आईज होता. खेळ काढणाऱ्या कंपनीला जुनं मारायचंच असतं तर हे झालं नसतं. त्याच वर्षी आलेला नवा ब्लू-आईज अल्टरनेटिव्ह ड्रॅगन हातातला ब्लू-आईज नुसता दाखवून थेट उतरतो, ट्रिब्यूट लागत नाही. वेळेची अडचण सुटली आणि जुना ड्रॅगन जगात पहिला आला.

इतवारीवाला
म्हणजे जिंकलं कोण, जुनी कार्डं की नवीन? नाव तेच ठेवून आतला डेक बदलला. माझ्या बाइंडरमधले ब्लू-आईज त्या नवीन कार्डांशिवाय तेव्हाही कागदच होते आणि आताही कागदच आहेत. नागपुरात बसून एकेक कार्ड बाहेरून मागवायचं तर शिकणाऱ्या पोराचा महिन्याचा खर्च त्यात जातो. "सपोर्ट (म्हणजे जुन्या डेकला बळ देणारी नवी कार्डं) येईल" हे त्याला सांगू नका.

मनीषनगर १९
मी या दोन वर्षांतच खेळायला लागलो, म्हणून हे बोलणं मला थोडं लागतं. नवीन डेक म्हणजे पाठ केलेला कॉम्बो, पहिला खेळला तो जिंकला, असं दादा लोक म्हणतात. मग हँड ट्रॅप, म्हणजे समोरच्याच्या टर्नमध्ये थेट हातातून टाकायची कार्डं, कशासाठी आहेत? त्यातलं ॲश ब्लॉसम माझ्या हातात आहे, समोरचा डेकमधून कार्ड शोधून राहिला. आत्ता थांबवू की पुढच्या कार्डाची वाट पाहू? चुकीच्या जागी टाकलं तर मॅच गेली. त्याचा डेक आपल्या डेकइतका माहीत असावा लागतो. विचार करायला दोन टर्न मिळत नाहीत, पण विचार तेवढाच करावा लागतो. तुमच्या डेकला तीन टर्न लागतात म्हणून तो जास्त डोक्याचा ठरत नाही.

इतवारीवाला
बाळा, तुझ्या डोक्याबद्दल शंका नाही. तू मागच्या वेळी मला हरवलंस ते फक्त कार्डांमुळे नाही, खेळामुळेही, हे मी मान्य केलं. माझी मागणी वेगळी आहे. जगभर लोक गोट फॉरमॅट खेळतात, म्हणजे 2005 ची कार्डं आणि 2005 चीच बॅन लिस्ट (बंदी असलेल्या कार्डांची यादी). एडिसन आहे, 2010 चं. कंपनी स्वतः टाइम विझार्ड नावाने असे जुने फॉरमॅट घेते. मग आपल्याकडे महिन्यातला एक रविवार गोटचा का नको? तिथे माझा ड्रॅगन बरोबरीने खेळेल.

धरमपेठचा ड्युएलिस्ट
गोटचा रविवार जरूर करू, मी स्वतः डेक घेऊन येतो. पण तिथेही तुमचा ड्रॅगन बरोबरीने खेळेल असं समजू नका. त्या फॉरमॅटचं नाव ज्या स्केपगोट कार्डावरून पडलं, त्याचं एक बकरीचं टोकन (म्हणजे तात्पुरता मॉन्स्टर) मेटामॉर्फोसिस या कार्डाला दिलं की थाउजंड-आईज रिस्ट्रिक्ट येतो आणि समोरचा मॉन्स्टर गिळून टाकतो. दोन मॉन्स्टर बळी देऊन आणलेला 3000 चा ड्रॅगन एका बकरीच्या बदल्यात जातो, हे 2005 मध्येच होत होतं. म्हणून तेव्हाही चांगले खेळाडू ब्लू-आईज घेऊन स्पर्धेला जात नव्हते.

इतवारीवाला
माहीत आहे मला. पण तिथे निदान ड्रॅगन टेबलावर उतरतो तरी. तो उतरला की पुढचं माझं मी बघतो. रविवार ठरवा, स्केपगोट किती ठेवायचे ते मी आधीच विचारून घेणार आहे.